पाढ्यांवर त्यांचाही हक्क आहे

वसई-विरारमध्ये मोठ्या माणसांना अंकगणित शिकवण्याचा विषय निघाला की शिकलेल्या मंडळींकडून एक ठरलेलं उत्तर येतं. ‘या वयात पाढे कशाला? प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, त्यात कॅल्क्युलेटर आहे. त्यांना बँकेचा फॉर्म भरायला शिकवा, संकल्पना समजावून सांगा. घोकंपट्टीचे दिवस गेले. शिवाय मोठ्या माणसाला सात आठे किती विचारायचं, म्हणजे त्याला लाजवायचं. आणि बाजारात बसणारी बाई तुमच्या-माझ्यापेक्षा भरभर हिशेब करते, तिला तुम्ही काय शिकवणार?’ हे बोलणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांच्यात शिक्षक असतात, साक्षरतेच्या कामाला मदत करणारे असतात. तरीही हे मत मला चुकीचं वाटतं, अन्यायाचं वाटतं, आणि ते इतक्या सहज बोललं जातं याचा राग येतो.

मी नालासोपाऱ्यात संध्याकाळच्या वर्गात मोठ्यांना गणित शिकवते. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका येतात, वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांतले कामगार येतात, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली येतात, फरशी बसवणारे कारागीर येतात. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, पण अडायची जागा एकच. आठ आणि सात मिळवायचे झाले की बोटं मोजली जातात. सहा साते विचारलं की सहा एके सहापासून सुरुवात होते. त्यापुढचं सगळं गणित, भागाकार, अपूर्णांक, टक्केवारी, व्याज, त्या एका जागी अडून पडतं.

आधी मोबाइलचा मुद्दा घेऊ, कारण तोच सगळ्यांत जास्त ऐकावा लागतो. कॅल्क्युलेटर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. प्रश्न बरोबर विचारला का, हे तो सांगत नाही. बारा किलो कोळंबी, साडेचारशे रुपये किलो. घाईत ४५० च्या जागी ५४० दाबलं तर पडद्यावर ६,४८० येतात. ज्या बाईला साडेचारशेचे दहापट साडेचार हजार आणि वर दोनाचे नऊशे, म्हणजे ५,४०० हे डोक्यात करता येतं, तिची नजर त्या आकड्यावर थांबते. जिला येत नाही, ती तो आकडा खरा मानते आणि गिऱ्हाइकाशी भांडण ओढवून घेते. दुकानातला साउंडबॉक्स किती पैसे आले ते मोठ्याने सांगतो. किती यायला हवे होते, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसालाच ठाऊक असावं लागतं.

आणि मोबाइल नेहमी चालतो तरी कुठे? पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत १०० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण, सगळं त्यातच. एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात आणि मोबाइल परीक्षेच्या खोलीबाहेर असतो. पहाटे मैदानावर धावून छाती फुटेस्तोवर मेहनत करणारी मुलगी लेखी परीक्षेत सतरा सक काढताना अर्धा मिनिट घालवते, तेव्हा तिला मोबाइल आहे ना, असं सांगणाऱ्याने तिचं कोणतं भलं केलं?

फरशीवाल्याचंही तेच. नऊ बाय बाराची खोली, दोन बाय दोनची लादी. नऊ बारे एकशे आठ, भागिले चार सत्तावीस, चार नगांचा बॉक्स असेल तर सात बॉक्स आणि एक लादी उरेल. मालक समोर उभा असताना हे ज्याला तोंडी येतं, तो भाव ठरवतो. ज्याला येत नाही, त्याचा भाव ठेकेदार ठरवतो. हातातलं कसब दोघांचं सारखंच असतं.

मोबाइलचा सल्ला देणाऱ्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. तुमच्या स्वतःच्या मुलाला तुम्ही हाच सल्ला द्याल का? विरारपासून वसईपर्यंत गल्लोगल्ली अबॅकसचे आणि वेदिक मॅथ्सचे क्लास आहेत. तिथे सहा-सात वर्षांची मुलं आकडेमोड भरभर व्हावी म्हणून फी भरून जातात. त्या मुलांच्या घरी मोबाइल नाहीत का? आपल्या लेकराची आकडेमोड पक्की हवी आणि घरकाम करणाऱ्या बाईला कॅल्क्युलेटर पुरे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? पाढे आपल्या डोक्यात इतके मुरलेले असतात की ते आहेत हेच आपण विसरतो, आणि मग दुसऱ्याला त्यांची गरज नाही असं सांगायला मोकळे होतो.

दुसरा आक्षेप जास्त विद्वत्तेचा आहे. संकल्पना महत्त्वाची, पाठांतर नव्हे. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शिक्षण घोकंपट्टीपासून दूर नेण्याचा आग्रह धरला आणि तो रास्त होता. पण तो न समजता पाठ करण्याविरुद्धचा आग्रह होता. समजलेलं लक्षात ठेवण्यावर त्यात बंदी नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत करून आपण मोठ्यांच्या वर्गातून सरावच हद्दपार केला.

माझ्यासमोर बसलेल्या बाईला भागाकार समजत नाही, असं कुणी म्हणू नये. तिने आयुष्यभर पाच पोरांत एक भाकरी वाटली आहे. वाटणी म्हणजे काय, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ४३२ भागिले ६ हे गणित तिच्यासमोर ठेवलं की ती त्रेचाळीसला सहाने भाग द्यायचा हे बरोबर सांगते, आणि मग वहीच्या समासात सहा-सहा रेघांचे गट काढायला लागते. सहाव्या गटाशी पोचेपर्यंत त्रेचाळीस होते की चव्वेचाळीस, हे ती विसरलेली असते. इथे संकल्पनेची उणीव कुठे आहे? उणीव ‘सहा साते बेचाळीस’ची आहे. तिला पुन्हा चित्रं काढून, खडे मांडून भागाकाराचा अर्थ समजावत बसणं म्हणजे तिला जे येतं तेच परत शिकवणं, आणि जे येत नाही त्याला हातही न लावणं.

माणसाच्या मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८मध्ये मांडलेल्या सिद्धांताचा गाभा हाच आहे: मनावरचा भार मर्यादेबाहेर गेला की शिकणं थांबतं. सात छेद बारा अधिक पाच छेद अठरा. ज्याला बारा त्रिक छत्तीस आणि अठरा दुणे छत्तीस लगेच दिसतं, त्याचं मन छेद सारखे का करायचे याचा विचार करायला मोकळं राहतं. ज्याला ते मोजून काढावं लागतं, त्याचं सगळं लक्ष मोजण्यात जातं आणि आपण काय करत होतो तेच हरवतं. संकल्पनेचा कैवार घेणाऱ्यांनी हे आधी पाहायला हवं. पाढे पक्के नसतील तर संकल्पनेपर्यंत पोचायला मनात जागाच उरत नाही.

आणि ही मूठभर लोकांची अडचण नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागायला सांगितलं. ते ४३.३ टक्के मुलांनाच जमलं. अर्ध्याहून जास्त मुलं उद्याची मोठी माणसं म्हणून हे ओझं घेऊन कामाला लागणार आहेत. त्यातली काही विरार लोकलने रोज कामावर जातील.

आता बाजारातली बाई. तिचं कौतुक मलाही आहे. वसईच्या मासळीबाजारात किंवा पापडीच्या आठवडे बाजारात वाट्याचा भाव, परत द्यायचे पैसे, कालची उधारी हे सगळं तोंडी चालतं. जुन्या बायका अजून विशीने मोजतात, तीन वीस आणि दहा म्हणजे सत्तर. पण एवढ्यावरून तिला आणखी काही शिकायची गरज नाही असं म्हणणं, हे तिच्या हुशारीच्या नावाखाली तिला आहे तिथेच ठेवणं आहे. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. ही मुलं गुंतागुंतीचे सौदे तोंडी, अचूक करत होती. त्याच प्रकारची आकडेमोड शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडली की बहुतेक अडत होती. फक्त शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट होतं, कागदावरची गणितं जमत होती पण बाजारातला हिशेब जमत नव्हता. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांबाबत १९८५मध्येच असं दिसलं होतं.

म्हणजे बाजारातलं गणित आपोआप कागदावर उतरत नाही. आणि आज त्या बाईचं आयुष्य कागदावर आहे. बचत गटाचं महिना शेकडा दोन व्याज वर्षाला २४ टक्के होतं. दहा हजारांच्या कर्जाचा हप्ता आठवड्याला अडीचशे, हप्ते ४८, म्हणजे ती १२ हजार फेडणार आहे, वरचे दोन हजार व्याजाचे. हे तिला सही करण्याआधी कळायला हवं की नंतर? मासळीचा भाव तिच्या रोजच्या सवयीचा आहे. कर्जाचा कागद नाही. तिथे तिला तिची ओळखीची वाट उपयोगी पडत नाही, आणि दुसरी वाट कुणी दाखवलेली नाही.

‘या वयात पाठ होत नाही’ हे तर मला मुळीच मान्य नाही. वसईतल्या कुपारी समाजातल्या बायकांना लग्नाची गाणी किती येतात ते एखाद्या लग्नघरात जाऊन ऐका. वारकरी घरातल्या आजीला हरिपाठ येतो, चर्चमधल्या गायनवृंदाला सणासणाची गीतं येतात. रोज प्रवास करणाऱ्याला कोणती लोकल फास्ट, कोणती अंधेरीला रिकामी होते, हे वेळांसकट पाठ असतं. स्मरणशक्ती आहे. तिला काय द्यायचं आणि किती द्यायचं, हे ठरवण्यात शिकवणारे चुकतात.

किती द्यायचं याचा हिशेब मांडून बघा. दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार असतात. तीन साते आणि सात त्रिक एकच, हे कळलं की त्यातले ५५ उरतात. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे बहुतेकांना पैशांच्या व्यवहारातून येतातच. ते काढले की उरतात २१. नऊचा पाढा दहापटीतून एकदा वजा करून मिळतो: नऊ साते म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. तोही काढला की तीन, चार, सहा, सात आणि आठ या पाच आकड्यांच्या आपसातल्या फक्त १५ जोड्या राहतात. पंधरा! आयुष्यभर गणित आपल्या नशिबात नाही असं मानून बसलेल्या माणसाच्या आणि गणिताच्या मध्ये पंधरा जोड्या उभ्या असतात. हे फळ्यावर मांडून दाखवलं की वर्गातल्या लोकांचे चेहरे बदलतात, कारण त्यांना आजवर कुणी हे ओझं मोजून दाखवलेलंच नसतं.

बेरजेतही असंच आहे. दहा पुरे करणाऱ्या जोड्या, नऊ-एक, आठ-दोन, सात-तीन, सहा-चार, पाच-पाच, एवढ्या पक्क्या झाल्या की आठ आणि सात मिळवताना सातातले दोन आठाला देऊन दहा होतात आणि वर पाच उरतात. बोटं आपोआप सुटतात.

इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. सगळ्या वर्गाने एका सुरात पाढा म्हणणं म्हणजे पाढा येणं नव्हे. ज्याला सात एके सातपासून गेल्याशिवाय सात आठे सापडत नाही, त्याचा पाढा अजून कच्चा आहे. पाढा उलटसुलट विचारायला हवा. मधूनच विचारायला हवा. छप्पन्न कशाकशाचे, असा उलटा विचारायला हवा, कारण भागाकाराला तोच उपयोगी पडतो. एका वेळी दोन-तीन नव्या जोड्या, त्यात जुन्या मिसळलेल्या, तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटं आणि शेवटी पाच. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. विसरण्याचा वेग कसा असतो हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५मध्येच मोजून दाखवलं होतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते हेही. जी जोडी बसत नाही ती आधी काढायला शिकवायची: सात चोक अठ्ठावीस येत असेल तर सात आठे त्याच्या दुप्पट. बाजारात बायका दुप्पट-निमपट करतच असतात, तेच इथे आणायचं. समजून काढलं, मग पुन्हा पुन्हा आठवलं, मग बसलं. यात घोकंपट्टी कुठे आहे?

आणि लाज? लाज आजही आहे, ती नव्याने आणावी लागत नाही. बाकाखाली लपवून बोटं मोजणं ही लाज आहे. दुकानदाराने दिलेले सुटे न मोजता पर्समध्ये टाकणं ही लाज आहे. पाचवीतल्या नातवाने अभ्यास विचारला की ‘जा, आईला विचार’ म्हणणं ही लाज आहे. लहानपणी पाढा चुकला म्हणून छडी खाल्लेली माणसं माझ्या वर्गात आहेत. त्यांना भीती बसली ती छडीची आणि सगळ्यांसमोर उभं केल्याची. म्हणून मी कुणालाही सगळ्यांसमोर विचारत नाही. प्रत्येकाची गुणाकार लिहिलेल्या पत्त्यांची गड्डी वेगळी, आणि तुलना फक्त स्वतःच्या कालच्या वेळेशी. पण लाज वाटेल म्हणून शिकवायचंच नाही, हे दयेचं नाव लावलेलं दुर्लक्ष आहे. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या बायका गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन बसल्या. लाजेपायी त्यांनी पाटी सोडली नाही. आपल्यालाच त्यांच्या वतीने लाज वाटत असते.

या सगळ्याला एक इतिहास आहे आणि तो आपल्या वसई तालुक्यापर्यंत येतो. आपल्या जुन्या उजळणीत तीसपर्यंतचे पाढे होतेच, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी होती. व्यापार आणि सावकारी चालवणाऱ्यांच्या पोरांना ती तोंडपाठ असे. ज्यांच्या घामाचा हिशेब त्या आकड्यांत होत होता, त्यांच्या पोरांना ती कुणी शिकवली नाही. १८५५मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती या कोंडीवर घाव घालण्यासाठीच. सव्वाशे वर्षांनी वसई तालुक्यात तीच कोंडी होती. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६मध्ये झाला, तरी लग्नासाठी घेतलेल्या थोड्या पैशांच्या बदल्यात आदिवासी गडी वर्षानुवर्षं राबत होते आणि त्यांचं कर्ज कधी फिटत नव्हतं, कारण हिशेब मालकाच्या वहीत होता. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सामाजिक कार्यकर्ते विवेक पंडित आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेने इथूनच त्याविरुद्ध लढा उभारला. पुढे त्यांच्याच विधायक संसद या संस्थेने वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. मुलांसाठी निदान शाळा गेली. त्यांच्या आईबापांसाठी काय गेलं?

वीटभट्टीचा हिशेब आजही हंगामाच्या शेवटी होतो. पावसाळ्यात बयाणा घेतलेला असतो, दर आठवड्याला खर्ची मिळते आणि मजुरी हजार विटांमागे ठरते. समजा, हजारी ७०० रुपये आणि कुटुंबाने १ लाख ४० हजार विटा पाडल्या. सात चोक अठ्ठावीस, हातचे दोन, सात एके सात आणि दोन नऊ: ९८ हजार. बयाणा ४० हजार. खर्ची दीड हजार, २६ आठवडे, म्हणजे ३९ हजार. हातात १९ हजार यायला हवेत. कुणी ९८ च्या जागी ८९ लिहिले तर नऊ हजार गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बयाणा घ्यावा लागेल. त्या क्षणी मजुराने मालकासमोर खिशातून मोबाइल काढून आकडे दाबत बसावं असं सुचवणाऱ्याने तो प्रसंग कधी पाहिलेला नाही. तिथे आवाज चढतो, घाई केली जाते, कागद एकदाच फिरवून दाखवला जातो. आकडा डोक्यात असेल तरच तोंडातून ‘थांबा’ निघतं.

केंद्र सरकारचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे आणि तो १५ वर्षांवरच्या असाक्षरांसाठी आहे. त्याची पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान चाचणी १७ मार्च २०२४ला महाराष्ट्रातही झाली. चाचणी १५० गुणांची, त्यातले ५० संख्याज्ञानाचे, आणि त्यात १७ मिळाले की पास. त्या वर्गांत मन लावून शिकवणाऱ्या स्वयंसेवकांविषयी मला आदर आहे. पण पन्नासातल्या सतरावर थांबून ज्याला संख्याज्ञान आलं असं आपण प्रमाणपत्र देतो, त्याला वरचा वीटभट्टीचा हिशेब तपासता येईल का? त्या सतरापुढे नेणारा तास आपल्या वेळापत्रकात कुठे आहे?

माझी मागणी साधी आहे. वसई-विरारमधल्या आणि पालघर जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रौढ वर्गात, मग तो उल्लासचा असो, रात्रशाळेचा असो, भरतीच्या तयारीचा असो, रोज पंधरा मिनिटं बेरजेच्या आणि गुणाकाराच्या जोड्यांसाठी राखून ठेवा. त्या पंधरा मिनिटांना बँकेचा फॉर्म, आरोग्याचं भाषण, पाहुण्यांचं स्वागत यांपैकी काहीही आडवं येऊ देऊ नका. शिकणाऱ्याला ज्या भाषेतले आकडे येतात त्या भाषेत म्हणू द्या, मग ती मराठी असो, हिंदी, गुजराती किंवा भोजपुरी. प्रत्येकाच्या त्या पंधरा जोड्यांपैकी किती बसल्या याची नोंद ठेवा, आणि उरलेल्या बसेपर्यंत त्याला ‘आलं’ म्हणून सोडू नका. दिवाळी झाली की भट्ट्या लागतात आणि पावसाआधी हिशेब होतात. या वर्षी संध्याकाळचे हे वर्ग भट्टीवर न्या, आणि हंगाम संपायच्या आत ते गुणाकार त्या आईबापांच्या तोंडी बसवा.